चोवीस कार्डांचे उलटे पत्ते

एका संगणकाने दुसऱ्याशी बोलायचं म्हटलं की त्यात नेटवर्क कार्ड बसवावं लागतं, आणि अशा प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक पत्ता असतो. सहा आकड्यांचा. कार्ड तयार होतानाच तो त्याच्यावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये भरून टाकतात, आणि एकदा दिलेला पत्ता दुसऱ्या कुठल्याही कार्डाला द्यायचा नसतो. गिरण्या बंद पडल्यावर काही वर्षांनी लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, अशी कार्डं जोडणारी एक छोटी कंपनी होती. तिथे चिपमध्ये पत्ते भरायचं काम माझे बाबा करायचे. त्याच गाळ्यात, लाकडी पार्टिशनच्या अलीकडे, मी त्या कार्डांचे ड्रायव्हर लिहीत होते. ड्रायव्हर म्हणजे कार्ड कसं हाताळायचं ते संगणकाला सांगणारा प्रोग्राम.

बाबांना ती खुर्ची मीच मिळवून दिली होती. गेली तीही माझ्यामुळेच.

बाबा मूळचे गिरणीतले. साचा म्हणजे माग चालवणारे नव्हेत. साच्यावर ताणा चढायच्या आधी त्याचे हजारो उभे धागे एकेक करून फणीच्या दातांतून ओवून घ्यावे लागतात, ते काम त्यांचं. मागे बसलेला जोडीदार धागा पुढे करायचा आणि बाबा चपट्या आकडीने तो ओढून घ्यायचे. कुठला धागा कुठल्या दातात जायचा ते ठरलेलं असायचं. एक जरी चुकला तरी कापडाच्या पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत रेघ उमटते आणि सगळा तागा बाद होतो. बाबांच्या हातून अशी रेघ कधी आली नाही असं त्यांच्या खात्यातले लोक सांगायचे, आणि गिरणीतले लोक काही एकमेकांचं उगाच कौतुक करणाऱ्यांतले नव्हते.

संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. तो मिटल्याचं आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. काही जण गुपचूप परत गेले, काहींना परत घेतलं नाही आणि बाबा गेलेच नाहीत. आई हिंदमाताच्या दुकानांतून साड्या आणून त्यांना फॉल-बिडिंग करायची, त्यावर घर चाललं. तिच्याच ओळखीने बाबांना एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळालं. ते तीन आठवडे टिकलं. गादीवर बसलेल्या गिऱ्हाईक बाईंसमोर त्यांनी पसरलेल्या साडीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "बघा, हय धागो चुकलो हा. ही घेव नका." दुकानदाराने त्यांना कोपरापासून हात जोडले. चाळीत हा किस्सा पुढे वर्षभर तिखटमीठ लावून सांगितला जायचा आणि बाबाही हसायचे, पण दुसऱ्या दुकानात काही गेले नाहीत. मग थोडे दिवस माझगावला एका गोदामावर पहारा, आणि त्यानंतर काहीच नाही. त्या काहीच नाहीची नऊ वर्षं झाली. माणूस गॅलरीत बसून राहिला की लोक हळूहळू त्याला ओलांडून जायला शिकतात. मीसुद्धा शिकले होते.

मी इंजिनियर झाले, त्या कंपनीत लागले, आणि वर्षभराने पत्ते भरणारा माणूस नोकरी सोडून दुबईला गेला. त्याच्या जागी एकामागून एक दोघं आले, दोघांनीही घोळ घातले. एकच पत्ता दोन कार्डांना गेला तर दोन्ही यंत्रं एकमेकांच्या नावाने आलेली माहिती ओढायला लागतात आणि धड कुणालाच काही मिळत नाही. सर वैतागले होते. सर म्हणजे आमचे मालक, दादरचे, स्वतः इंजिनियर, आवाज न चढवणारे गृहस्थ. "एक शांत डोक्याचा माणूस मिळेना मला या मुंबईत," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझे वडील आहेत."

बाबा सातवी शिकलेले. त्यात या पत्त्यांचे आकडे आपल्या नेहमीच्या आकड्यांसारखे नसतात. नऊ झाले की ए, बी, सी असं करत एफपर्यंत जातात, आणि पत्त्यातला प्रत्येक आकडा अशा दोन चिन्हांचा असतो. पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "एफच्या फुडे जी कित्याक नाय?" मी म्हटलं, सोळाच चिन्हं लागतात. "बरा झाला," ते म्हणाले आणि भात कालवायला लागले. आठवडाभरात ती सोळा चिन्हं त्यांच्या बोटांत बसली. काम करायची त्यांची एक पद्धत होती. आधी वहीत पत्ता लिहायचा, मग तो यंत्रावर टाइप करून चिपमध्ये भरायचा, मग तीच चिप परत वाचकात, म्हणजे चिप वाचायच्या यंत्रात, घालून आत काय गेलंय ते वाचायचं, वहीतल्या एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडून बघायचं, आणि मगच शेवटी बरोबरची खूण करायची. घाई करा म्हटलं की ते हो म्हणायचे आणि त्याच गतीने करत राहायचे. वर्षभरात एक पत्ता चुकला नाही.

आम्ही दोघं सकाळी लालबागहून चालत निघायचो, करी रोडच्या पुलावरून पलीकडे उतरायचो. बाबा रोज दाढी करायला लागले होते. आई इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवायची. चाळीत कुणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "कंप्युटरात आसंय," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत जिना उतरायचे. कंपनीत सगळे त्यांना काका म्हणायचे. मला काका म्हणता येईना आणि बाबा म्हणायला कसंतरी वाटायचं, म्हणून मी त्यांना तिथे हाकच मारत नसे. जवळ जाऊन बोलायचे. हेही लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात कदाचित तिथेच होती.

गिरगावातल्या एका मोठ्या छापखान्याचं काम आलं. पानं जुळवायची त्यांची चोवीस यंत्रं होती, आमच्या ऑफिसातल्यापेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर असलेली. त्यांच्यासाठी माझा ड्रायव्हर थोडा बदलून द्यायचा होता. तो चार महिने आमच्याकडे बिनतक्रार चालला होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. छापखान्याला घाई होती. बाबांनी चोवीस चिपा भरल्या, गाळ्यात कार्डं जोडणाऱ्या पोरींनी त्या कार्डांवर बसवल्या, आणि एरवी प्रत्येक कार्ड आमच्या यंत्रात घालून बघायची जी रीत होती तिला आम्ही त्या वेळी फाटा दिला.

छापखान्यात कार्डं बसवून यंत्रं सुरू केली, तर एकही यंत्र दुसऱ्याशी बोलेना. मी स्क्रीनवर कार्डाचा पत्ता काढून बघितला. आमच्या सगळ्या पत्त्यांची सुरुवात ठरलेली असायची, पहिला आकडा शून्य आणि दुसरा विषम. इथे विषम आकडा पुढे आला होता आणि शून्य मागे. तिसऱ्या-चौथ्याचीही अदलाबदल, पाचव्या-सहाव्याचीही. पत्त्याचा पहिला आकडा विषम असला की जाळ्यातली यंत्रं तो पत्ता एकट्याचा मानत नाहीत, समूहाचा मानतात. समूहाला निरोप पाठवता येतो, पण समूहाच्या नावाने आलेला निरोप कुणी घेत नाही, कारण पाठवणारा कुणीतरी एक असायला हवा असा नियम आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा नियम वाचून काय वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही. बोलणं का बंद आहे ते मला कळलं, एवढं खरं.

"पत्ते उलटे भरलेत," मी म्हटलं. सर शेजारी उभे होते. ते काही बोलायच्या आत मी बोलले. पहिलं वाक्य माझंच होतं.

गाळ्यात परत आल्यावर मी थेट पार्टिशनच्या मागे गेले. सर माझ्या पाठोपाठ आले. बाबा वहीवर वाकलेले होते.

"चोवीसच्या चोवीस पत्त्यांत जोड्या उलट्या भरल्यात तुम्ही," मी म्हटलं. आवाज चढला होता. पोरींनी सोल्डरिंग थांबवलं.

"नाय गो," बाबा म्हणाले. त्यांनी वहीची मागची पानं उलटली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्यो बघ. चिप वाचून बघल्याशिवाय मी खूण करनंय नाय."

वहीत सगळं बरोबर होतं, चोवीस ओळी, चोवीस खुणा. मी वहीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "वहीत काय आहे ते राहू दे. स्क्रीनवर उलटे दिसतायत."

"काका, होतं असं या वयात," सर मऊपणाने म्हणाले. "डोळ्यांवर ताण येतो."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "तुका दिसला?"

"हो. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मगे चुकला असतला," ते म्हणाले आणि वही मिटली.

चिप वाचायचं यंत्र त्यांच्या टेबलावर होतं, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. छापखान्यातून आणलेलं एक कार्ड माझ्या पिशवीत होतं. त्याची चिप काढून त्यात घातली असती तर दोन मिनिटांत सगळं समोर आलं असतं. ते मला सुचलं नाही असं नाही. गरज वाटली नाही. एका बाजूला माझा प्रोग्राम होता आणि दुसऱ्या बाजूला सातवी शिकलेला माणूस, आणि दोघांत चुकणारा कोण हे मी गिरगावातच ठरवून आले होते.

मी सांगितलं तशी बाबांनी प्रत्येक जोडी फिरवून चोवीस चिपा पुन्हा भरल्या. छापखान्यातली यंत्रं बोलायला लागली. सगळ्यांच्या दृष्टीने तोच पुरावा झाला. पुढच्या आठवड्यात सरांनी बाबांना बोलावून सांगितलं, "काका, तुम्ही आता पॅकिंग बघा. पत्त्यांचं काम दुसऱ्या कुणाला देऊ." बाबा बरं म्हणाले. नोकरीवरून काढलं नाही म्हणून मला तर सुटल्यासारखंच वाटलं होतं.

आपली वही ते घरी घेऊन आले आणि कपाटावर ठेवली. मग एक दिवस कुणाला न सांगता डोळे तपासून आले. डॉक्टरांनी सांगितलं, नंबर आहे तोच आहे, नजर उत्तम आहे. आम्हाला बरं वाटलं, पण बाबांचा चेहरा उतरला. डोळ्यांचं काही नाही म्हणजे डोक्याचं, असा त्यांनी अर्थ लावला. आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या रोज तेच काढून द्यायचे. आता पाकीट माझ्यापुढे करायला लागले. "तूच दी. माझ्याकडना चुकात," म्हणायचे. शेजारच्या खोलीतल्या आजोबांना दिसत नसे, त्यांना बाबा रोज पेपर वाचून दाखवत, तेही बंद झालं. खोक्यांना चिकटपट्टी लावतानासुद्धा ते दोनदोनदा मोजायचे. पुलावरून चालताना आधी ते माझ्या पुढे असत, आता मागे राहायला लागले. मला हे सगळं दिसत होतं, आणि वय झालं, असं मी माझ्या मनाची समजूत घालत होते.

पाच आठवड्यांनी छापखान्याचा फोन आला. त्यांचं एक यंत्र बंद पडलं होतं, म्हणून त्यातलं कार्ड काढून त्यांनी एका साध्या संगणकात बसवलं होतं. आमच्या ऑफिसात असायचे तसल्याच. तिथे ते चालेना. मी गेले, पत्ता काढला. उलटा. मला वाटलं, हे एक कार्ड दुरुस्त करायचं राहिलं असणार. मी ते काढलं आणि छापखान्याच्या दुसऱ्या एका चालू जुळवणीच्या यंत्रात लावलं. सुलटा! तेच कार्ड, तीच चिप.

मी तिथल्या स्टुलावर बसले. कळायला फार वेळ लागला नाही आणि तेच जास्त लागलं.

मराठीत पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. लिहिताना दोन आधी येतो, पाच नंतर. दोन्हीकडे पंचवीसच. प्रोसेसरचंही असंच असतं. चिप आपला पत्ता दोन-दोन आकड्यांच्या जोडीने देते. एका जातीचा प्रोसेसर जोडीतला धाकटा आधी ठेवतो, दुसऱ्या जातीचा थोरला आधी, आणि आपापल्या घरात दोघंही बरोबर असतात. पण पत्ता म्हणजे किंमत नव्हे, पत्ता म्हणजे क्रम. पहिला तो पहिला, दुसरा तो दुसरा. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने जोडी सोडवून एकेक आकडा स्वतः त्याच्या जागी ठेवायचा असतो. मी जोडी तशीच उचलून ठेवून दिली होती. आमच्या ऑफिसात ती आपोआप सरळ बसायची. छापखान्याच्या यंत्रांत ती उलटी बसली. बाबांनी चिपा भरल्या होत्या त्या पहिल्याच खेपेला बरोबर होत्या, आणि मी त्यांना बसवून चोवीसच्या चोवीस चुकीच्या करून घेतल्या होत्या.

एक गोष्ट तर शाळेतल्या पोरालाही कळली असती. माणूस चुकतो तेव्हा एखाद्या ठिकाणी चुकतो. दहाव्या ओळीत चुकेल, सतराव्या ओळीत चुकेल. चोवीस पत्ते, प्रत्येकात तीन जोड्या, आणि सगळ्या जोड्या तंतोतंत एकाच रीतीने उलट्या, अशी चूक माणूस करत नाही. अशी चूक प्रोग्राम करतो. मी प्रोग्राम लिहिणारी बाई, मला हे त्या दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं असतं, जर टेबलामागे माझे बाबा नसते.

ड्रायव्हर दुरुस्त करायला पाच ओळी लागल्या. मी सरांना जाऊन सगळं सांगितलं. नोकरी जाईल अशी तयारी ठेवून गेले होते. सरांनी चष्मा पुसला. "अगं, बग आहे. बग असतातच. नवीन ड्रायव्हर दे पाठवून आणि चिपा पूर्वीसारख्या भरून घे," ते म्हणाले. मी विचारलं, "आणि काका?" "हो, हो. सांग त्यांना, बसू देत परत टेबलावर." त्यांनी पुढची फाइल ओढली. मी वाटेत चार वाक्यं पाठ करून गेले होते, त्यातलं एकही लागलं नाही. माझ्या चुकीला एक छोटंसं इंग्रजी नाव होतं आणि त्यावर ती मिटली. बाबांनी न केलेल्या चुकीला मात्र वय म्हटलं गेलं होतं. मला संताप आला, पण कुणावर काढणार? वय म्हणणारे सर होते आणि त्यांना ते म्हणायला लावणारी मी होते.

संध्याकाळी घरी बाबा खाली बसून आईने फॉल लावलेल्या साड्यांच्या घड्या घालत होते. आई स्वयंपाकाला लागली होती. मी त्यांच्यासमोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. जोडीचं, प्रोसेसरचं, सगळं. बाबांनी घडी थांबवली नाही. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पयल्यापासून बरोबर होते?"

"हो. चोवीसच्या चोवीस."

"डोळे बरे आसत तर. आणि डोक्याय."

"बाबा, माझं चुकलं. मी बघायला हवं होतं."

त्यांनी साडी मांडीवर ठेवली. "संपात सगळे माका सांगी होते, चुकतंस म्हणान," ते सावकाश म्हणाले. "माझो भाव, तुझी आवस, खात्यातले लोक. मी एकाचाय ऐकूक नाय. तुझा ऐकलंय."

ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तशी आई बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. बाबा म्हणाले, "काय नाय. पानां घे."

सोमवारी बाबा वही घेऊन पुन्हा त्या टेबलावर बसले. पोरींनी खोक्यावर ठेवून चहा दिला, सरांनी खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, निस्तरलं. बाबांनी पहिली चिप भरली, काढून वाचकात घातली, वहीतल्या एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. खूण केली नाही. पार्टिशनपलीकडून हाक आली, "गो, जरा येतंस? बघ बरोबर आसा?"

मी गेले. बरोबर होतं. त्यांनी खूण केली. मी जागेवर येऊन बसते तोवर दुसरी हाक आली. चार-पाच चिपा झाल्यावर मी हळूच म्हटलं, "बाबा, मला नका विचारू. तुमचं चुकत नाही. मी सांगते ना." त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पुढची चिप भरून मला हाक मारली.

त्यानंतर तीन वर्षं बाबांनी ते काम केलं. प्रत्येक चिपेला मला हाक मारली. मी प्रत्येक हाकेला उठून गेले, आणि त्यातली एकही चुकलेली नव्हती.